फळीवरची शकुंतला : वऱ्हाडातल्या नॅरोगेज रेल्वेची प्रदर्शनीय प्रतिकृती

रूळ, स्थानक, गाड्या आणि भोवतालचा मुलूख एकाच ठरावीक प्रमाणात लहान करून फळीवर उभारलेल्या चालत्या रचनेला या छंदातले लोक ‘लेआउट’ म्हणतात. घरात कायम मांडलेला लेआउट आणि प्रदर्शनासाठी केलेला लेआउट यांत मोठा फरक असतो, कारण दुसऱ्याला सुटा करून गाडीत घालावे लागते, अनोळखी सभागृहात तासाभरात जोडावे लागते आणि दिवसभर गर्दीसमोर न अडखळता चालवावे लागते. भारतात तयार मिळणारे साहित्य प्रामुख्याने जर्मन, ब्रिटिश किंवा अमेरिकी रेल्वेचे असल्यामुळे इथल्या बहुतेक लेआउटांवर आल्प्सचे डोंगर आणि उतरत्या छपरांची युरोपीय गावे दिसतात. अमरावती-अकोल्याच्या प्रेक्षकांना तीही पाहायला आवडतात. परंतु त्याच प्रेक्षकांसमोर मूर्तिजापूर-अचलपूरची गाडी ठेवली, तर पाहणारा प्रत्येक जण परीक्षक होतो आणि कडुनिंब कुठे हवा होता, फाटक कोणत्या बाजूला होते, हे सांगू लागतो. अशा परीक्षेला उतरणारी प्रतिकृती कशी करावी, याचा विचार या लेखात केला आहे.

शकुंतला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेल्वेचा इतिहास प्रतिकृती करणाऱ्याला हवा तेवढाच येथे पाहणे पुरेसे आहे. मुंबईहून नागपूरकडे जाणारी ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ १८६७ साली नागपूरला पोहोचली. या मुख्य मार्गापासून दूर असलेल्या गावांतला कापूस मार्गापर्यंत आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मूर्तिजापूरहून उत्तरेला अचलपूरपर्यंत सुमारे ७६ किलोमीटरचा आणि आग्नेयेला यवतमाळपर्यंत सुमारे ११३ किलोमीटरचा फाटा टाकण्यात आला. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी संस्थेने १९१० साली स्थापन केलेल्या ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी’कडे या मार्गांची मालकी होती. स्वातंत्र्यानंतर गाड्या भारतीय रेल्वेने चालवल्या, तरी मालकी कंपनीचीच राहिली. प्रतिकृतीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की नंतरच्या काळातील डबे भारतीय रेल्वेच्या निळ्या रंगात दाखवावे लागतात आणि त्यांवर कंपनीची अक्षरे रंगवण्याचा मोह टाळावा लागतो. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन १९२३पासून या मार्गावर धावत होते. ते १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले आणि त्याची जागा डिझेलने घेतली. त्यामुळे एकाच फळीवर वाफेचे इंजिन आणि भ्रमणध्वनीचा मनोरा एकत्र आले, तर अकोल्याचा चौकस प्रेक्षक ते चटकन दाखवून देईल.

सर्वांत आधी एक स्थळ, एक दशक आणि एक ऋतू ठरवावा. या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून कारागिराच्या टेबलासमोर लावून ठेवल्या, म्हणजे पुढच्या शंभर लहान निर्णयांना आधार मिळतो. स्थळांचे तीन पर्याय विचारात घेण्यासारखे आहेत. मूर्तिजापूर येथे ब्रॉडगेज आणि नॅरोगेज एकमेकांना भेटत आणि अरुंद मार्गावरून आलेला माल हमालांकरवी रुंद मार्गाच्या वाघिणींत भरण्याचे दृश्य तेथे दाखवता येते. ते फार आकर्षक आहे, परंतु दोन गेजांचे रूळ, मोठे यार्ड आणि लांब मेल गाड्या यांमुळे पहिल्या प्रयत्नासाठी ते झेपणारे नाही. अकोला-खंडवा या जुन्या मीटरगेज मार्गावर धुळघाटजवळ सातपुडा चढताना रूळ वळसा घेऊन स्वतःच्याच वरून जात असे. ती रचना मुरलेल्या हातासाठी राखून ठेवावी, एवढे येथे नोंदवून पुढे जाता येईल. तिसरा पर्याय म्हणजे अचलपूर हे शेवटचे स्थानक. येथे मार्ग संपे, गाडी थांबे, इंजिन सुटे, बाजूच्या रुळाने मागे जाई आणि दुसऱ्या टोकाला जोडले जाई. या साऱ्या हालचालींना जागा थोडी लागते आणि प्रेक्षकाला काहीतरी घडताना सतत दिसत राहते. पहिल्या प्रदर्शनीय लेआउटसाठी अचलपूरइतके सोयीचे स्थानक वऱ्हाडात दुसरे नाही.

आता प्रमाणाचा प्रश्न येतो. ‘गेज’ म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर. शकुंतलेचे गेज ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. ‘प्रमाण’ म्हणजे मूळ वस्तू किती पटींनी लहान केली ते सांगणारा आकडा, आणि जगात सर्वाधिक प्रचलित असलेले एचओ प्रमाण १:८७ आहे. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले, त्यातील गाड्याही याच प्रमाणातल्या आहेत. ७६२ला ८७ने भागले असता ८.७६ मिलिमीटर येतात, आणि एन या आणखी लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी बाजारात मिळणाऱ्या रुळांचे गेज ९ मिलिमीटर असते. पाव मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला कळत नाही. त्यामुळे मुलूख, माणसे, इमारती १:८७च्या आणि रूळ ९ मिलिमीटरचे, अशी जोडी येथे जवळजवळ आयती जुळते. ब्रॉडगेजचे नशीब इतके चांगले नाही, कारण १,६७६ मिलिमीटरचे १:८७मध्ये १९.२६ मिलिमीटर होतात आणि तयार रूळ १६.५ मिलिमीटरचे मिळतात. मूर्तिजापूर निवडणाऱ्याला ही तडजोड उघड्या डोळ्यांनी स्वीकारावी लागते किंवा रूळ स्वतः घडवावे लागतात. नॅरोगेज निवडण्यामागे स्मरणरंजनापेक्षा हे साधे गणित अधिक महत्त्वाचे आहे.

मूर्तिजापूर-अचलपूरचे ७६ किलोमीटर या प्रमाणात सुमारे ८७४ मीटर होतात. म्हणून संपूर्ण मार्ग दाखवण्याचा विचार पहिल्याच दिवशी सोडून द्यावा आणि ‘दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर असे सगळे थोडेथोडे’ ही कल्पनाही त्याबरोबरच सोडावी, कारण दोन हातांच्या अंतरावर तीन गावे आली की प्रतिकृती खेळण्यासारखी दिसू लागते. प्रत्येकी १,२०० बाय ६०० मिलिमीटरच्या तीन फळ्या घ्याव्यात. दोन फळ्यांवर स्थानक आणि त्याच्या दक्षिणेचे फाटक-शिवार असावे आणि तिसरीवर पडद्याआडचे यार्ड असावे. या आडोशाच्या यार्डाला छंदात ‘फिडल यार्ड’ म्हणतात. प्रेक्षकाच्या दृष्टीने गाडी तेथून मूर्तिजापूरकडे निघून जाते, आणि प्रत्यक्षात चालक तेथे हाताने डबे बदलून दुसरी गाडी तयार करतो. डब्याची लांबी १० मीटर धरली तर तो ११५ मिलिमीटरचा होतो. चार डबे आणि इंजिन मिळून गाडी ५५ ते ६० सेंटिमीटर भरते आणि इंजिन फिरवण्याच्या बाजूच्या रुळाची मोकळी लांबी ७५ सेंटिमीटर ठेवली तर सर्व हालचाली निर्वेध होतात. प्रेक्षक पूर्वेला उभा राहून पश्चिमेकडे पाहतो असे मानून रचना केली, तर डावीकडे मूर्तिजापूर आणि उजवीकडे अचलपूर येते. मग उजव्या टोकाच्या पार्श्वपटावर गाविलगडच्या डोंगररांगा आपोआप आपल्या जागी बसतात.

मोजमापांसाठी जुनी छायाचित्रे, गावातल्या वयस्कर माणसांच्या आठवणी आणि प्रत्यक्ष भेट ही तीन साधने आहेत, आणि त्यांचा विश्वासार्हतेचा क्रम तिसऱ्यापासून पहिल्याकडे न जाता प्रसंगानुसार बदलतो: इमारत उभी असेल तर फीत श्रेष्ठ, पाडली असेल तर छायाचित्र, आणि कोणते झाड कधी तोडले हे मात्र माणसालाच ठाऊक असते. छायाचित्रावरून माप काढण्याची रीत सोपी आहे. चित्रात विटा किंवा दार दिसत असेल, तर दाराची उंची २.१ मीटर धरून बाकीचे प्रमाणाने काढावे. रेल्वेच्या हद्दीत शिरण्यासाठी, मार्ग बंद असला तरी, परवानगी घ्यावी. नॅरोगेजचे डबे आणि इंजिने जवळून पाहण्यासाठी नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय हे सर्वांत जवळचे ठिकाण होय. तेथील वस्तू मुख्यतः बंगाल-नागपूर रेल्वेच्या परंपरेतल्या असल्याने त्या जशाच्या तशा शकुंतलेवर आणू नयेत, परंतु दोन डबे एकमेकांना कसे जोडले जातात, पायऱ्या किती खाली येतात, खिडकीच्या गजांमध्ये किती अंतर असते, हे तेथे बोटभर अंतरावरून पाहता येते.

फळ्यांसाठी १२ मिलिमीटरचे, पाणी सहन करणारे प्लायवूड आणि खाली तीन इंची लाकडी चौकट वापरावी. एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत असले तरी वऱ्हाडातल्या एका पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात. दोन फळ्या जोडताना केवळ बोल्टवर विसंबू नये. बोल्ट फळ्या आवळून धरतात, पण रूळ समोरासमोर आणण्याचे काम धातूच्या खुंट्यांचे असते. एका फळीत खुंटी आणि दुसरीत तिची वाटी बसवली, की दर वेळी रूळ तेथेच येतात. फळ्यांच्या जोडावर रुळांची टोके पितळी पट्टीला डाख देऊन पक्की करावीत, कारण ने-आण करताना सर्वांत आधी दुखावतात ती हीच टोके.

अकोल्याच्या उन्हाळ्याचा विचार परदेशी पुस्तकांत सापडत नाही. तो स्थानिक कारागिरालाच करावा लागतो. निकेल-सिल्व्हर या मिश्रधातूचा एक मीटर रूळ ३० अंश तापमानवाढीला सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. म्हणून थंडीत रूळ टाकताना मीटरमागे तेवढी फट ठेवावी, नाहीतर मे महिन्यात ते वाकून उभे राहतात. पीएलए या प्रकारच्या प्लास्टिकमध्ये त्रिमितीय छपाई केलेले डबे साठ अंशांच्या आसपास मऊ पडतात आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत ते तापमान सहज गाठले जाते. त्यामुळे छपाई पीईटीजी किंवा राळेच्या प्रकारात करावी. ग्लू-गनने चिकटवलेली घरे, झाडे आणि पार्श्वपट हे दुपारच्या मंडपात एकेक करून सुटू लागतात. जेथे वजन आहे तेथे फेविकॉल किंवा दोन भागांचे इपॉक्सी हेच वापरावे.

रूळ टाकताना वळणाची त्रिज्या ३० सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू नये, आणि सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी रचना, फळीच्या जोडापासून हातभर दूर ठेवावेत. खडीसाठी, जिला वऱ्हाडात गिट्टी म्हणतात, क्रशरवरचा काळ्या पाषाणाचा चुरा चाळून वापरण्याची कल्पना चांगली आहे, कारण रंग आपोआप खरा येतो. प्रत्यक्षातली ५० मिलिमीटरची गिट्टी या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी होते, म्हणून चाळणी त्या हिशेबाने निवडावी. मात्र बेसाल्टमध्ये चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटारीतील चुंबकाला चिकटून ती निकामी करतात. कागदात गुंडाळलेला जोरदार चुंबक चुऱ्यावरून अनेकदा फिरवून ते काढून टाकल्याशिवाय हा चुरा रुळाजवळ आणू नये. चुरा कोरडाच पसरून, वर थोडे स्पिरिट फवारून, मग एका भागास तीन भाग पाणी आणि भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब घातलेला फेविकॉल थेंबाथेंबाने सोडावा. शकुंतलेच्या अखेरच्या काळातील छायाचित्रांत गिट्टी कमी आणि माती-गवत जास्त दिसते. तो काळ निवडला असेल तर गिट्टी टाकण्यात आठवडे घालवण्यापेक्षा ती मातीने झाकण्यात वेळ घालवावा.

विजेच्या बाबतीत साधेपणा हिताचा ठरतो. या मार्गावर एका वेळी एकच गाडी असे, म्हणून प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र आज्ञा देणारी डिजिटल पद्धती येथे अपरिहार्य नाही आणि बारा व्होल्टचा चांगला साधा नियंत्रक पुरतो. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार जोडावी, कारण जोडपट्ट्यांमधून वीज वाहील हा भरवसा धुळीच्या सभागृहात टिकत नाही. गाडी कुठे आली हे ओळखण्यासाठी अवरक्त किरणांचे संवेदक टाळावेत. मंडपातल्या उन्हाने ते फसतात. डब्याखाली इवलासा चुंबक आणि रुळाखाली रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ येताच जुळणारा स्विच, हीच जोडी अधिक प्रामाणिक आहे.

वेगाकडे बहुतेक लेआउटांत दुर्लक्ष होते. शकुंतला ७६ किलोमीटर जायला चारएक तास घेई, म्हणजे ताशी सुमारे १९-२० किलोमीटर. २० किलोमीटरचा वेग १:८७मध्ये सेकंदाला ६.४ सेंटिमीटर होतो, म्हणजे दोन फळ्यांचे २.४ मीटर अंतर कापायला गाडीला जवळजवळ ३८ सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ लावून पाहिल्यास बहुतेकांची गाडी ते अंतर आठ-दहा सेकंदांत संपवते असे आढळते, आणि मग मेहनतीने केलेला सारा मुलूख फुकट जातो. एन प्रमाणाची तयार यंत्रणा इतक्या संथ चालीला सहसा तयार नसते. म्हणून दातेरी चक्रांचे अधिक गुणोत्तर असलेली यंत्रणा निवडावी, इंजिनात शिशाचे वजन भरावे आणि चाके दर तासाला पुसावीत. शकुंतलेचे तयार इंजिन बाजारात मिळत नाही. जपानी किंवा युरोपीय एन प्रमाणाच्या यंत्रणेवर छापलेले अथवा प्लास्टिकच्या पत्र्यातून कापलेले कवच बसवणे हाच मार्ग आहे, आणि डिझेलचे चौकोनी कवच वाफेच्या इंजिनापेक्षा नवख्याला कितीतरी सोपे जाते.

मुलूख उभारण्याचा भाग सर्वाधिक वेळ घेणारा आहे आणि वऱ्हाडची ओळख इथेच पटते किंवा हरवते. काळी जमीन ही प्रत्यक्षात काळी नसते. वाळलेली काळी माती राखाडी छटेची गडद तपकिरी दिसते आणि केवळ ओली किंवा नुकती नांगरलेली असतानाच काळसर होते. प्रतिकृतीत डांबरासारखा काळा रंग दिला, तर दिव्यांखाली ती जमीन खड्ड्यासारखी दिसते. दर्यापूरकडच्या वावरातली, म्हणजे शेतातली, माती आणून, तव्यावर भाजून, चाळून वापरता येते. मात्र गोंदाने ती दोन छटा गडद होत असल्यामुळे आधी तुकड्यावर करून पाहावे आणि वरून राखाडी पावडर कोरड्या ब्रशने पुसून उजळ करावी. उन्हाळ्यातल्या भेगांचे आकर्षण सर्वांनाच असते. परंतु पाच सेंटिमीटर रुंदीची भेग १:८७मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त भरते, म्हणून ती कोरू नये, अणकुचीदार पेन्सिलीने रेखावी.

ऋतूची शिस्त पाळणे हे रंगांपेक्षाही महत्त्वाचे आहे. कापूस पेरला जातो जूनमध्ये आणि वेचणी साधारणपणे दसरा-दिवाळीपासून पुढे चालते. नोव्हेंबर-डिसेंबर निवडला तर बोंडे फुटून पांढरी झालेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, तिच्यामधल्या ओळींत पिवळ्या फुलोऱ्यावर आलेली तूर, आणि धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, वाळत चाललेले गवत असे चित्र खरे ठरते. त्याच चित्रात फुललेला पळस घातला तर ते खोटे होते, कारण पळस फुलतो शिमग्याच्या सुमारास. सोयाबीनचा प्रसार विदर्भात १९८०-९०च्या दशकांनंतरचा. म्हणून १९५५चा काळ दाखवणाऱ्या फळीवर ज्वारीच हवी. शिवाय पूर्णा नदीच्या खोऱ्यात भूजल खारट असलेला एक रुंद पट्टा आहे, ज्याला खारपाण पट्टा म्हणतात. मूर्तिजापूर-दर्यापूरचा भाग त्यात येतो आणि तेथे विहिरीच्या पाण्यावरच्या बागा दिसत नाहीत. संत्र्याची बाग, केळी किंवा अंजनगावचे पानमळे दाखवायचे असतील तर उत्तरेचे, सातपुड्याच्या पायथ्याकडचे शिवार निवडावे. अचलपूर निवडणाऱ्याला ही मुभा आहे, दर्यापूर निवडणाऱ्याला नाही. पिकांच्या ओळी आणि उंचीबद्दल शंका असल्यास अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर एक चक्कर मारणे हे दहा छायाचित्रांपेक्षा उपयोगी पडते.

कपाशीचे वावर हा या लेआउटचा सर्वांत कष्टाचा तुकडा होय. ओळींमधले अंतर ९० ते १०० सेंटिमीटर धरल्यास ते ११ मिलिमीटर होते आणि झाडांमधले ६० सेंटिमीटर म्हणजे ७ मिलिमीटर होतात. या हिशेबाने ३० बाय २० सेंटिमीटरच्या तुकड्यात साडेसातशेच्या आसपास झाडे लागतात. झाडाची उंची १२ ते १४ मिलिमीटर ठेवावी. नारळाच्या काथ्याचे तीन-चार धागे एकत्र पिळून, टोके पसरवून, पातळ गोंदात बुडवून वर हिरवट-तपकिरी फोमचा भुगा टाकला की पऱ्हाटी तयार होते. बोंडासाठी खऱ्या कापसाचा वापर करण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, पण ती आवरावी. कापसाचा तंतू या प्रमाणात लोंबत्या जाळ्यासारखा दिसतो. त्याऐवजी पांढरी रांगोळी बारीक चाळणीतून काढून, गोंद लावलेल्या टोकांवर शिंपडावी, कारण फुटलेले बोंड चारएक सेंटिमीटरचे असते आणि त्याची प्रतिकृती अर्ध्या मिलिमीटरची होते, आणि रांगोळीचा कण नेमका तेवढा असतो. रवा, हळद, ज्वारीचे पीठ असे घरातले जिन्नस वापरू नयेत. मुंग्या आणि उंदीर त्यांचे परीक्षण प्रदर्शनाआधीच करून टाकतात. वाळलेल्या गवतासाठी सुतळीचे तंतू तीन-चार मिलिमीटर लांबीचे कापून उभे चिकटवावेत. त्यांचा रंग डिसेंबरच्या धुऱ्याशी इतका जुळतो की रंगवण्याची गरज राहत नाही.

झाडांच्या बाबतीत सार्वत्रिक दोष उंचीचा असतो. १२ मीटरचा कडुनिंब १:८७मध्ये जवळजवळ १४ सेंटिमीटर होतो, पण बहुतेक जण तो सहा-सात सेंटिमीटरचा करतात आणि मग स्थानकाची इमारत अवाढव्य भासते. तांब्याच्या तारांचा झुपका पिळून खोड, फांद्या आणि मुळे काढावीत. कडुनिंबाचा घेर गोल व दाट, बाभळीचा विरळ व छत्रीसारखा पसरट, चिंचेचा भरगच्च आणि खाली झुकणारा, एवढा फरक सांभाळला तरी पुरे. घरांपैकी काही धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, आणि काही टिनपत्र्याची करावीत. परसात कुटाराचे, म्हणजे जनावरांच्या वाळल्या चाऱ्याचे, ढीग आणि जळणासाठी रचलेल्या पऱ्हाटीच्या गंज्या असाव्यात. उतरत्या छपरांची कोकणी कौलारू घरे तयार संचात मिळतात म्हणून येथे आणू नयेत.

स्थानकाच्या मालधक्क्यावर कापसाच्या गाठी ठेवायच्या झाल्यास हे लक्षात घ्यावे की जिनिंगमध्ये सरकी वेगळी करून, प्रेसमध्ये दाबलेली सुमारे १७० किलोची गाठ मीटरभराहून थोडी लांब असते. प्रतिकृतीत ती १२-१३ मिलिमीटरची होते. लाकडाच्या पट्टीचे तुकडे करून, त्यांना तागाच्या रंगाचा पातळ कागद चिकटवून, वर बारीक काळ्या दोऱ्याचे वेढे द्यावेत. बंडीतून, म्हणजे मालवाहू बैलगाडीतून, सुटा कापूस येतो तो मात्र जिनमध्ये, स्थानकावर नव्हे. ही गफलत अनेक चित्रांतही दिसते. स्थानकाच्या नावाची पाटी काळानुसार लिहावी, कारण इंग्रजी अमदानीत अचलपूरचे अधिकृत नाव एलिचपूर होते. काही सिग्नलांवर ‘लिव्हरपूल, १८९५’ असा ठसा असल्याचे वृत्तांतांत वाचायला मिळते. असा ठसा दीड फूट अंतरावरून दिसणार नसल्यामुळे त्याच्यावर एक संध्याकाळ खर्च करण्यापेक्षा सिग्नलचा हात खरोखर वर-खाली होईल याची व्यवस्था करणे श्रेयस्कर आहे.

प्रदर्शनात गर्दी खिळवणारी गोष्ट या मार्गाच्या कामकाजातच दडलेली आहे. मोजक्या कर्मचाऱ्यांच्या भरवशावर चालणाऱ्या या गाडीत गार्ड तिकिटेही देई, आणि अनेक फाटकांवर स्वतंत्र फाटकवाला नसल्याने गाडी फाटकाआधी थांबे, गाडीतला कर्मचारी उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे आणि फाटक उघडून तो परत चढे. हा क्रम प्रतिकृतीत जसाच्या तसा करता येतो. रीड स्विचवर गाडी थांबवावी, लहान सर्वो मोटारीने फाटकाची दारे चार-पाच सेकंदांत सावकाश लावावीत, गाडी पुढे काढून पुन्हा थांबवावी. सर्वो मोटारींचा पाच व्होल्टचा पुरवठा रुळांच्या पुरवठ्यापासून वेगळा ठेवावा, अन्यथा इंजिन सुरू होताना दारे थरथरतात. माणसाची लहानशी आकृती चालू शकत नाही, म्हणून ती फाटकाच्या खांबापाशी कायम उभी ठेवावी. प्रेक्षक उरलेले मनाने भरतात. रस्त्यावर थांबलेली बंडी, सायकलस्वार आणि एस.टी. यांच्या रांगेने हा प्रसंग अधिक स्पष्ट होतो.

फळीची उंची जमिनीपासून एक मीटरच्या आसपास ठेवावी. त्याहून उंच ठेवल्यास मोठ्यांना दृश्य खरे वाटते, परंतु शाळेतल्या मुलांना फक्त फळीची कड दिसते. अशा प्रदर्शनांत मुलेच अधिक असल्याने त्यांच्या बाजूने निर्णय घ्यावा आणि पुढे हातभर अंतरावर दोरी किंवा कठडा लावावा. फळीच्या पुढच्या कडेला पारदर्शक अॅक्रिलिकची १५ सेंटिमीटर उंचीची पट्टी लावली, तर कपाशीचे वावर सायंकाळपर्यंत शाबूत राहते. चालवणारे दोघे असावेत. एकाने गाडीकडे पाहावे आणि दुसऱ्याने लोकांशी बोलावे. दोन्ही कामे एकाने केली की गाडी रुळावरून उतरते आणि उत्तरही अर्धवट राहते. माहितीफलकावर मार्गाचा नकाशा, निवडलेले वर्ष आणि प्रमाण एवढेच मोठ्या अक्षरांत लिहावे. भारनियमनाची धास्ती असल्यास बारा व्होल्टची सात अँपिअर-तासांची बॅटरी जवळ ठेवावी, कारण इंजिन, सर्वो आणि दिवे मिळून दोन अँपिअरपेक्षा जास्त वीज लागत नसेल तर ती दोन-अडीच तास निभावून नेते. दिवसाच्या आरंभी आणि दुपारी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. सॅंडपेपर वापरू नये, कारण त्याने पडलेल्या चऱ्यांमध्ये धूळ अधिक साचते.

प्रदर्शन संपल्यावर डबे आणि इंजिने आधी काढून फोमच्या कप्प्यांत ठेवावीत, सुटी झाडे आणि सिग्नल खुणेच्या क्रमांकासह डब्यात घालावेत आणि दोन फळ्या समोरासमोर तोंड करून, टोकांना प्लायवूडच्या उभ्या पाट्या लावून एका पेटीसारख्या बांधाव्यात, म्हणजे रुळांची टोके आणि मुलूख दोन्ही आत सुरक्षित राहतात. पेटी गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत न ठेवता घरातल्या मधल्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावी. मृगाच्या आधी आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि दिवाळीनंतर पेटी उघडून पहिल्यांदा फळ्यांच्या जोडावरच्या रुळांवर सरळ पट्टी ठेवून पाहावी.